बुंदीचे रेबीजचे कागद, नागपूर ते फ्रँकफर्ट

ओळखीतले खूप जण विचारून राहिले की देशी कुत्री जर्मनीला नेता येते का, किती दिवस लागतात, तिकडे उतरल्यावर कोंडून ठेवतात का वगैरे, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. नेता येते. कागद बरोबर असले तर कोंडून पण ठेवत नाहीत. पण वेळ लागतो, अर्ध्या वर्षाच्या आसपास धरून चाला, आणि तो वेळ विमानासाठी नाही की व्हिसासाठी नाही, एकट्या रेबीजपायी जातो. पिंजरा, तिकीट हे पैसे मोजले की होते. रेबीजमध्ये आधी काय आणि नंतर काय हे ठरलेलं आहे न त्यात एक दिवस इकडचा तिकडे चालत नाही.

बुंदी आमची त्रिमूर्ती नगरच्या गल्लीतली, पावसात कोणाच्या तरी गाडीखाली सापडलेली. तीन महिन्यांची झाली तेव्हापासून तिचं रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी न चुकता झालेलं, पुस्तक भरलेलं, त्यामुळे नवऱ्याची तिकडची नोकरी पक्की झाली तेव्हा मला वाटलं बाकी कशाचं काही होवो, बुंदीचे कागद तर तयारच आहेत. आईचं मात्र पहिल्या दिवसापासून एकच, "कुत्र्याले कायले नेतं वं तिकडं, माह्याजवळ राहू दे न तिले." पण आईचे गुडघे आणि बुंदीची ओढ, दोन्ही मला माहीत आहे, तो विषय तिथंच संपला.

धरमपेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी पुस्तक चाळलं आणि एवढंच विचारलं, "चिप कुठाय?" चिप नव्हती. नागपुरात परदेशी जाणारे सोडले तर चिप लावते कोण. तेव्हा कळलं की युरोपियन युनियनचा नियम असा आहे की आधी मायक्रोचिप आणि मग रेबीजची लस, फारतर एकाच दिवशी दोन्ही, पण चिपच्या आधीच्या तारखेची लस ते धरतच नाहीत. म्हणजे बुंदीचं भरलेलं पुस्तक त्यांच्या हिशेबात कोरं. कारण विचारलं तर डॉक्टर म्हणाले, अहो पुस्तकावर नाव बुंदी, रंग तपकिरी, असे तपकिरी कुत्रे एका चौकात पाच सापडतील, लस याच कुत्रीला दिली हे त्यांना कशावरून कळणार? पटलं. राग आला तो वेगळा.

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी असते, जाड सुईने मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली टाकतात. पंधरा आकडी नंबर, आयएसओ स्टँडर्डची घ्यायची, नाहीतर तिकडच्या स्कॅनरला दिसत नाही. शेजारच्या काकूंनी लगेच विचारलं, "मग मोबाइलवर लोकेशन दिसते का कुठं फिरून राहिली ते?" नाही दिसत. तिच्यात बॅटरी नसते, स्कॅनर जवळ नेला की नंबर सांगते, बाकी काही नाही. बुंदी सुईला कुईं करून एकदा माझ्याकडे बघून बसली, तेवढंच. डॉक्टरांनी आधी चिप टाकली, मग स्कॅन करून नंबर दाखवला, आणि त्यानंतर रेबीजची लस फ्रीजमधून काढली. हा क्रम मी मुद्दाम उभी राहून बघितला. लसीच्या बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर पुस्तकात लावून घ्या, हे मी प्रत्येकाला सांगते, कारण बुंदीच्या जुन्या पानांपैकी एकावर, एका दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या डोसचं, नुसतं पेनाने एआरव्ही (म्हणजे रेबीजची लस) आणि तारीख आहे, ना कंपनी ना बॅच. इथं चालून जाते, तिकडे असं पान दाखवायचं पण नाही. सर्टिफिकेटवर चिपचा नंबर, चिपची तारीख, लसीचं नाव, कंपनी, बॅच, दिल्याची तारीख आणि कधीपर्यंत चालते, सगळं पाहिजे.

आता यापुढचा भाग ज्याच्यात लोक अडकतात. भारत युरोपच्या त्या यादीत नाही ज्या देशांतून नुसत्या लसीवर प्राणी आत घेतात. आपल्याला रक्त द्यावं लागते. लस दिल्यापासून कमीतकमी 30 दिवसांनी रक्त काढायचं, त्यात रेबीजविरुद्धच्या अँटिबॉडी किती आहेत ते मोजतात, मिलीलीटरला 0.5 आंतरराष्ट्रीय युनिट किंवा जास्त आल्या तर पास. याला सगळे टायटर टेस्ट म्हणतात. मला आधी वाटलं गल्लीतल्या लॅबवाल्याकडे होईल, थायरॉइड करतात तसं. तर नाही बाप्पा. या टेस्टमध्ये कुत्र्याच्या रक्तातलं सिरम जिवंत रेबीज व्हायरससोबत मिसळतात, मग ते पेशींवर टाकून चमकणाऱ्या रंगाच्या मदतीने मायक्रोस्कोपखाली बघतात की व्हायरस पेशींमध्ये शिरला की अँटिबॉडीने त्याला अडवला. जिवंत रेबीज हाताळणाऱ्या लॅब बोटावर मोजण्याइतक्या, आणि त्यातही युरोपियन कमिशनने मान्य केलेलीच पाहिजे. ती यादी त्यांच्या साइटवर आहे, स्वतः उघडून बघा, कोणी एजंट "आमची लॅब चालते मॅडम" म्हणाला तरी. डॉक्टरांनी सिरम वेगळं केलं, नळीवर चिपचा नंबर लिहिला, थंड पॅक करून पाठवलं. पाठवायच्या आधी पुन्हा एकदा स्कॅनर फिरवून नंबर जुळवला, त्या माणसाचे उपकार आहेत माझ्यावर.

रिपोर्ट येईपर्यंत जीवाला घोर. लस दिली म्हणजे प्रत्येकाचा आकडा पुरेसा येतोच असं नसतं, पहिल्यांदाच लस झालेल्या लहान कुत्र्यांचा कधी कधी कमी पडतो, मग पुन्हा डोस, पुन्हा रक्त. बुंदीच्या जुन्या लसी कागदावर बाद झाल्या होत्या तरी तिच्या शरीराने त्या विसरलेल्या नव्हत्या, आकडा 0.5 च्या कितीतरी वर आला. युरोपने नाही मोजल्या तरी त्या कामी आल्या, हे बघून मला फार बरं वाटलं.

रिपोर्ट आला, पेढे वाटले, आणि बाबांनी विचारलं, "मग आता जाऊन राहिले न तुम्ही?" कुठचं काय. रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. रिपोर्टच्या तारखेपासून नाही, रक्ताच्या, तेवढा दिलासा. बाबांना हे अजिबात पटेना, पास झालं म्हणता मग थांबायचं कायले. डॉक्टरांनी समजावलं ते असं की रेबीजचा व्हायरस चावा झाल्यावर नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो, लक्षणं दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडा तर कधी वर्षही. समजा लस द्यायच्या आधीच कुत्र्याला कुठं चावा झालेला असेल, तर रक्तात अँटिबॉडी दिसतील पण आजार आत चालूच असेल. तीन महिने थांबून कुत्रं ठणठणीत राहिलं म्हणजे तशी शक्यता बरीच कमी होते. आणि एकदा लक्षणं आली की रेबीजवर इलाज जवळजवळ नाहीच.

बाबा तरी कुरकुरत होते की आपल्याच देशावर एवढा संशय काहून. मी पण आधी त्यांच्याच बाजूने होते, मग वाचायला बसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात रेबीजने जितकी माणसं जातात त्यातली 36 टक्के भारतातली, आणि माणसाला होणारा रेबीज 99 टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळेच. तिकडे जर्मनीत रेबीज कोल्ह्यांमध्ये होता, तर त्यांनी लस घातलेलं खाणं विमानातून जंगलात टाकून टाकून कोल्ह्यांनाच लस खाऊ घातली, वर्षानुवर्षं, आणि 2008 पासून तो देश जमिनीवरच्या प्राण्यांच्या रेबीजपासून मुक्त धरला जातो. एवढं करून ठेवलेले लोक माझ्या बुंदीचा नंबर चार वेळा तपासणारच. आणि आपल्याकडे नागपुरात मेडिकल न मेयो या सरकारी दवाखान्यांत कुत्रं चावलेले लोक एआरव्हीसाठी रांगेत बसलेले बघितले असतील तर कोणावर राग काढायचा ते कळते.

ते तीन महिने पोळा, मारबत, गणपती, दसरा असे निघून गेले. एकच काळजी घेतली, या काळात रेबीजच्या लसीची मुदत संपता कामा नये. पुढचा डोस आधीच्या डोसची मुदत संपायच्या आत दिला तर टायटर पुन्हा करावी लागत नाही, एक दिवस जरी मधे गेला तर सगळं पहिल्यापासून. फ्रीजच्या दारावर तारीख मोठ्या अक्षरात चिकटवली होती, आई ती रोज मोठ्याने वाचायची, भाजी काढता काढता.

शेवटचा टप्पा मुंबईत. युरोपच्या सर्टिफिकेटवर सरकारी पशुवैद्यकाची सही लागते, खाजगी डॉक्टरची चालत नाही, आणि ते काम केंद्र सरकारचं अ‍ॅनिमल क्वारंटाइनचं ऑफिस करते. ते नागपुरात नाही. आपल्याकडे सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेज आहे, माफसूसारखं जनावरांच्या डॉक्टरकीचं अख्खं विद्यापीठ आहे, पण या एका सहीसाठी मुंबई. बुंदीला रेल्वेने नेलं, फर्स्ट एसीचा दोन बर्थचा पूर्ण कूपे घ्यावा लागतो, कुत्र्याचं बुकिंग पार्सल ऑफिसमध्ये वेगळं, सोबत लसीचं पुस्तक आणि तब्येत ठीक असल्याचा डॉक्टरांचा ताजा दाखला. कूपे मिळणार की चार बर्थची केबिन हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही, त्या दिवशी माझं बीपी कोणी मोजलं नाही ते बरं. थर्ड एसी, सेकंड एसीत मोठं कुत्रं नेताच येत नाही, नाहीतर गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स, तो मी बघूनच नाही म्हटलं.

ऑफिसमध्ये बुंदीला बघितलं, चिप स्कॅन केली, कागद ओळीने तपासले. युरोपचं सर्टिफिकेट इंग्रजीत आणि ज्या देशात उतरणार त्याच्या भाषेत लागते, म्हणून आमचं इंग्रजी-जर्मन. ते दिल्यापासून 10 दिवसांच्या आत तिकडे पोहोचून तपासणी झाली पाहिजे, त्यामुळे फार आधी काढून उपयोग नाही आणि अगदी आदल्या दिवसावर ठेवणं म्हणजे जुगार. मालकाने पण कुत्र्याच्या प्रवासाच्या पाच दिवस मागेपुढे प्रवास केला पाहिजे, नाहीतर ते व्यापारी नेणं धरतात आणि नियम बदलतात. मी तिच्यासोबतच जात होते. चिपचे पंधरा आकडे मी तिथं उभ्या उभ्या प्रत्येक पानावर बोट ठेवून वाचले, मागच्या माणसाने उसासे टाकले तर टाकले.

विमानाचं जास्त सांगण्यासारखं नाही. बुंदी केबिनच्या वजनात बसत नव्हती म्हणून खाली, पिंजऱ्यात उभं राहता, वळता, झोपता आलं पाहिजे असा नियम आहे, महिनाभर आधीपासून घरात त्याच पिंजऱ्यात जेवण दिलं. फ्रँकफर्टला लाल चॅनलने (कस्टमला काही दाखवायचं असलं की जायची वाट) गेले, स्कॅनर फिरवला, सर्टिफिकेट आणि टायटरचा रिपोर्ट बघितला, शिक्का. एवढे महिने ज्याच्यासाठी घालवले ते चहा प्यायच्या आत झालं.

मांजरांना पण हेच सगळं लागू आहे, चिप, लस, टायटर, तीन महिने. आणि मनीष नगरच्या मैत्रिणीने विचारलं की इथून छोटं पिल्लू घेऊन येऊ का, तर तिच्यासाठी हिशेब: लस 12 आठवड्यांच्या आत चालत नाही, त्यावर 30 दिवस, त्यावर तीन महिने, म्हणजे विमानात बसेपर्यंत ते पिल्लू सात महिन्यांचं झालेलं असेल. गल्लीतलं कुत्रं सात महिन्यांत केवढं होते ते तिला माहीत आहे, पिंजरा त्या मापाचा घे म्हणावं.