ताटली आधी पालथी घालायची

मागच्या वर्षी नाशिकच्या बुधवारच्या बाजारात मी एक काचेची ताटली तडा गेलाय म्हणून न घेता परत ठेवून दिली आणि घरी आल्यावर उमगलं, की तो तडा नव्हताच. वर्षभर त्या ताटलीने छळलं. म्हणून यंदा पाऊस सरल्यावर एका बुधवारी ठाण्याहून सकाळची तपोवन एक्स्प्रेस धरली आणि नाशिकरोडहून रिक्षाने थेट गोदाघाट गाठला.

भाजी, मसाले, कपडे ओलांडून पुढे गेलं की जुन्या वस्तूंच्या एक-दोन पथाऱ्या लागतात. गावातले वाडे पडायला लागले, तसं फडताळातलं बरंच काही इथे येऊन बसतं.

"बेल्जियमची काच आहे ताई," पथारीवरच्या मावशी म्हणाल्या. आपल्याकडे जुनी काच नेहमी बेल्जियमचीच असते. तळेगावला १९०८ मध्ये लोकवर्गणीतल्या पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता, हे कुणी सांगत नाही.

मी ताटली उचलली आणि पालथी घातली.

"खायचं वरून असतं!" मावशी हसल्या.

पण ओळख बहुधा खालीच सापडते. ही दाबाची काच. वितळलेला गोळा लोखंडी साच्यात टाकायचा आणि वरून दट्ट्या दाबायचा. ही रीत अमेरिकेत १८२० च्या दशकात रुळली आणि कट ग्लासचा, म्हणजे कापून नक्षी काढलेल्या काचेचा, थाट साध्या घरांनाही परवडू लागला. फरक बोटाला कळतो: कापलेल्या नक्षीच्या कडा बोचतात, दाबलेल्या नक्षीच्या कडा चघळलेल्या खडीसाखरेसारख्या गोल लागतात. आता माझा तो 'तडा'. काचेचा गोळा सळईवरून कात्रीने तोडतात. कात्री लागते तिथे काच जरा गार पडते आणि साच्यात गेल्यावरही केसाएवढी रेघ राहून जाते. खरा तडा उन्हात तिरपा धरला की लकाकतो, ही रेघ लकाकत नाही. मागच्या वर्षी एवढं ऊन होतं, आणि मी बघितलं नाही.

हातातल्या ताटलीवर तळाशी पुसट अक्षरं होती. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली. 'आरडी' आणि पुढे सहा आकडे, सुरुवात २३ ने. ब्रिटनमध्ये १८८४ पासून नोंदवलेल्या नक्षीला असा क्रमांक मिळायचा. त्याआधी, १८४२ ते १८८३, चौकटीच्या एक्क्यासारखी खूण असे. २३ ने सुरू होणारे सहा आकडे म्हणजे १८९४. अर्थात ही नक्षीच्या नोंदीची तारीख. ताटली नंतर कधीही दाबलेली असू शकते.

गंमत पुढेच. ढिगात तिची जुळी निघाली. तीच फुलं, तोच ठिपक्यांचा गालिचा, पण क्रमांक नाही. काठाच्या पाकळ्या मोजल्या: पहिलीच्या चोवीस, दुसरीच्या वीस. साचा झिजला तर नक्षी बोथट होते, पाकळ्या कमी होत नाहीत. म्हणजे साचाच वेगळा. माझ्या मते ही कुणीतरी मारलेली नक्कल, आणि मला तीच जास्त आवडली. दोन्ही मिळून दोनशेला ठरल्या.

मग मोह झाला. एक फिकट पोपटी वाटी पिशवीच्या अंधारात धरून जांभळ्या प्रकाशाची बॅटरी मारली. वाटी हिरवीगार पेटली. म्हणजे काचेत रंगासाठी घातलेलं युरेनियम! पण मावशींनीही पिशवीत डोकावलं होतं. दीडशेची वाटी जागच्या जागी पाचशेची झाली. मी मुकाट्याने ठेवून दिली.

निघताना विचारलं, "मावशी, मागच्या वर्षी एक तडकलेली ताटली होती..."

"ती? ती कोण घेणार! घरी नेली, तुळशीच्या कुंडीखाली ठेवलीय."

"विकाल?"

मावशींनी मला नीट न्याहाळलं. "पिशवीत घालून बघावी लागेल आधी."