जुन्या मॅकबुक एअरवर लिनक्स आणि ते न दिसणारं वायफाय

आधीच सांगून टाकते, मॅकबुकवर मॅकओएसच्या जागी लिनक्स (फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टम) टाकणं हे काही अवघड काम नाहीये. इन्स्टॉल गप्पा मारता मारता होऊन जातं, डोकं खातं ते त्याच्या नंतरचं. वायफाय, झाकण लावल्यावरची झोप, कॅमेरा. आणि या तिन्हीत मशीनपेक्षा नेटवरचे सल्लेच जास्त घोळ घालतात असं माझं स्पष्ट मत आहे, कारण लोक नुसतं "मॅकबुक एअर लिनक्स वायफाय" सर्च करतात आणि पहिली जी कमांड सापडेल ती टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चिकटवून मोकळे होतात. अरे पण एअर हे नाव 2008 पासून चालू आहे बाप्पा, आतलं सामान किती वेळा बदललं असेल त्याचा काही विचार?

आमचं मशीन म्हणजे 2015 च्या सुरुवातीचं 13 इंची मॉडेल, भाऊजींच्या ऑफिसने काढून टाकलेलं. भाची यंदा इंजिनिअरिंगला गेली, तिला लॅपटॉप पाहिजे होता आणि नवीन घ्यायचा की नाही यावर ताईकडे रोज बैठक. नागपूरच्या बर्डीवर एका दुकानात एक्स्चेंजचं विचारलं तर त्याने जो भाव सांगितला त्यावर ताई म्हणे, एवढ्यात तर नुसतं ॲल्युमिनियमही येणार नाही. रॅम 4 जीबी, तीही बोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे वाढवायचा प्रश्नच नाही. मॅकओएस मॉन्टेरेच्या पुढे या मॉडेलला चढत नाही, ते आलं 2021 ला आणि त्याचे नियमित सिक्युरिटी अपडेट 2024 मध्ये थांबले. पण कीबोर्ड झकास, स्क्रीनला ओरखडा नाही, बॅटरी अजून बऱ्यापैकी टिकते. असं मशीन भंगारात द्यायला जीव होत नाही.

पुसण्याआधीच्या दोन गोष्टी, या कुणी सांगत नाही म्हणून सांगते. एक म्हणजे मॅकओएस असतानाच त्याचे सगळे अपडेट करून घ्या, कारण मॅकचं फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) त्या अपडेटसोबतच येतं, नंतर लिनक्समधून ते मिळायची सोय नाही. दुसरं, ऑफिसमधून निघालेलं मशीन असेल तर चालू करताना ऑप्शन बटण दाबून धरा आणि बघा. ड्राइव्हचे आयकॉन दिसले तर ठीक. कुलूप दिसलं तर फर्मवेअर पासवर्ड आहे, आणि तो या मशीनवर बॅटरी काढून वगैरे जात नाही, खरेदीची पावती घेऊन सर्व्हिस सेंटरला जावं लागतं. आमच्याकडे कुलूपच आलं. नशीब, भाऊजींच्या आयटीवाल्या पोराला पासवर्ड आठवत होता, त्याने फोनवर सांगितला आणि काम झालं, नाहीतर हा लेख इथेच संपला असता.

(तुमच्याकडे 2018 पासूनचं टी2 (ॲपलची सुरक्षेची) चिपवालं असेल तर आधी रिकव्हरीत जाऊन बाहेरच्या ड्राइव्हवरून बूट करायची परवानगी द्यावी लागते. आणि एम1, एम2 चिप असेल तर ते दुकानच वेगळं, त्यासाठी "असाही लिनक्स" (Asahi Linux) नावाचा प्रोजेक्ट आहे, खालचं काहीच त्याला लागू नाही.)

2015 वाल्याचा एक मोठा फायदा म्हणजे यात सिक्युअर बूटच (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारा पहारा) नाही. विंडोजवाल्या नवीन लॅपटॉपवर बाहेरचा ड्रायव्हर टाकला की त्यावर सही करणारी की (डिजिटल किल्ली) एनरोल करा, निळ्या स्क्रीनवर पासवर्ड द्या, हे जे लचांड असतं ते इथे नाही. लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राईव्हवर घेतली, 4 जीबीत तीच बरी, ऑप्शन दाबून "ईएफआय बूट" निवडलं, आणि लाईव्हमध्ये (म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राईव्हवरूनच) स्क्रीन, टचपॅड, आवाज, ब्राइटनेसची बटणं सगळं पहिल्या फटक्यात चाललं. भाची खूश. मग कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या आयकॉनवर गेली.

"मावशी, हे वायफायच दाखवून नाही राहिलं."

"नाही दाखवणार. आधी त्याला नाव विचार."

नाव विचारायचं म्हणजे टर्मिनल उघडून एलएसपीसीआय, स्पेस, डॅश एनएन. लांबलचक यादी येते, त्यात नेटवर्क कंट्रोलरची ओळ शोधायची. आमच्याकडे ब्रॉडकॉम बीसीएम4360 आणि शेवटी चौकोनी कंसात 14ई4:43ए0 असं होतं. कोलनच्या आधीचा भाग कंपनीचा, नंतरचा त्या चिपचा. सर्च करायचं ते या आकड्याने, लॅपटॉपच्या नावाने नाही. भाचीने तोवर मोबाईलवर एक पान उघडूनच ठेवलं होतं, त्यात बी43 चं फर्मवेअर टाका असं ठासून लिहिलेलं, खाली दहा जण धन्यवाद धन्यवाद करून राहिले होते. ते खोटं नव्हतं, त्यांच्या चिपसाठी बरोबरच असणार, पण बी43 हा जुन्या ब्रॉडकॉम चिपांचा ड्रायव्हर आहे, 4360 त्याच्या यादीत नाही. याला लागतो डब्ल्यूएल, ब्रॉडकॉमचा स्वतःचा ड्रायव्हर. तो ओपन सोर्स नाही, त्याचा एक तुकडा कंपनीने तयार बायनरी म्हणून दिलेला असतो आणि बाकीचा तुमच्या कर्नलप्रमाणे (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) तुमच्याच मशीनवर कंपाईल होतो, म्हणजे कोडपासून तयार होतो. उबंटू-मिंटमध्ये पॅकेजचं नाव बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स, डेबियनमध्ये ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस. माल तोच.

आता नेट चालू करायचा ड्रायव्हर नेटवरूनच घ्यायचा, आणि एअरला लॅनचं पोर्टच नाही. यावर उपाय फोनचा, यूएसबी टेदरिंग. अँड्रॉइड फोन केबलने जोडायचा, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं, लिनक्सला ते तारेचं नेटवर्क वाटतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आम्ही जोडला तर फोनवर तो पर्याय पुसट, दाबताच येईना. चार्जिंग मात्र सुरू. भाची म्हणे फोन खराब आहे, मग म्हणे पोर्ट खराब आहे. मी टर्मिनलमध्ये डीमेसेज डॅश डब्ल्यू लावून ठेवलं, म्हणजे कर्नल जे काही बोलतं ते तिथल्या तिथे दिसत राहतं, आणि तिला केबल काढून परत लावायला सांगितली. एक ओळ आली नाही. खराब फोन असता तरी काहीतरी कुरकुर दिसली असती, इथे कर्नलला काही लागलंय हेच माहीत नाही! म्हणजे केबल. फुटपाथवरची स्वस्त केबल, त्यात नुसत्या चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. फोनच्या डब्यातली ओरिजिनल केबल कपाटातून शोधून काढली, लावली, आणि पटापट ओळी पडल्या, नवीन यूएसबी डिव्हाइस, मग आरएनडीआयएस (यूएसबीवरून नेटवर्क चालवायची पद्धत), आणि कोपऱ्यात नेटवर्क हजर.

पुढचं सोपं. इन्स्टॉल उरकलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने स्वतःच ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर सुचवला, टिक केलं, थोडा वेळ कंपाईल झालं, रिस्टार्ट, आणि शेजारच्या अख्ख्या बिल्डिंगची वायफायची नावं समोर.

झोपेची भानगड वेगळी. झाकण लावलं की मशीन झोपायचं आणि लगेच उठून बसायचं, बॅगेत तापत राहायचं. एअरमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे यूएसबी कंट्रोलर. प्रॉक फोल्डरमधल्या एसीपीआयखाली वेकअप नावाची फाईल आहे, त्यात कोणकोण मशीनला उठवू शकतं त्याची यादी असते, तिथे एक्सएचसी1 (हाच तो यूएसबी कंट्रोलर) समोर "एनेबल्ड" दिसेल. ते नाव त्याच फाईलमध्ये लिहिलं की बंद होतं. पण लक्षात घ्या, हा टॉगल आहे, परत लिहिलं की परत चालू! आणि रिस्टार्ट केलं की मूळ पदावर. म्हणून सिस्टमडीची (लिनक्स सुरू होताना बाकी प्रोग्रॅम चालू करणाऱ्या भागाची) छोटी सर्व्हिस करून बूटला एकदाच चालेल असं ठेवलं.

कॅमेरा यूएसबीवर नाही, पीसीआयवर (बोर्डच्या आतल्या जोडणीवर) आहे, त्यामुळे साधे वेबकॅमचे ड्रायव्हर त्याला ओळखत नाहीत. फेसटाइमएचडी म्हणून लोकांनी उलटं खोदकाम करून बनवलेला ड्रायव्हर आहे, त्याला लागणारं फर्मवेअर ॲपलच्याच पॅकेजमधून काढावं लागतं, त्याची स्क्रिप्ट सोबत मिळते. चालतो. मीटिंगपुरता चालतो असं म्हणा.

पंख्याचं मात्र नागपुरात मनावर घ्याच. एमबीपीफॅन नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, त्याच्या कॉन्फिगमध्ये 63, 66 आणि 86 अंश असे आकडे दिलेले असतात, कुठून पंखा वाढवायचा, कुठून जोरात, कुठे फुल. ज्याने ते ठरवले त्याने मे महिन्यात आपल्याकडची वरची खोली पाहिली नसणार. पारा 45 च्या वर, कूलरची हवा पलंगापर्यंतच, आणि ॲल्युमिनियमचं मशीन मांडीवर. खालचे दोन आकडे मी 55 आणि 58 केले, पंखा लवकर सुरू होतो, आवाज येतो, येऊ द्या. कूलरपुढे कुणाला ऐकू येतो?

कीबोर्डचं पटकन: एफ1 ते एफ12 सरळ पाहिजे असतील तर एचआयडी ॲपल मॉड्यूलचा (ॲपलच्या कीबोर्डच्या ड्रायव्हरचा) एफएनमोड 2 करा. मराठीसाठी लेआउटच्या यादीत इन्स्क्रिप्ट आणि कगप (उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) दोन्ही आधीपासून आहेत, वेगळं काही उतरवायला नको.

शेवटचं, भाचीच्या मशीनवर मी चिठ्ठी लिहून ठेवलंय ते: अपडेट मॅनेजरमध्ये नवीन कर्नल दिसला की लगेच हो म्हणायचं नाही. डब्ल्यूएल आणि कॅमेरा दोन्ही प्रत्येक कर्नलसाठी नव्याने कंपाईल होतात, आत्ता आहे त्याच 6.8 मालिकेतले कर्नलचे छोटे अपडेट बिनधास्त घ्यायचे, पण एकदम वरच्या मालिकेवर उडी मारली आणि डब्ल्यूएल कंपाईल झाला नाही तर वायफाय गायब. झालंच तर सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा (कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणारा) मेन्यू आणायचा, ॲडव्हान्स्डमधून जुना कर्नल निवडायचा. आणि ती डेटावाली केबल ताईने फोनला नेली तर मागून परत आणायची.