डाव्या चवड्याचा फोड आणि उजव्या हातातली काठी

सकाळी अनवाणी पळाले की फक्त डाव्याच पायाला फोड का येतो, हे कोडं अखेर सुटलं, मंडळी. रविवारी सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर नऊ किलोमीटर अनवाणी पळून आले. डाव्या चवड्यावर, दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, जिथं दर वेळी पाण्याने टम्म भरलेला फोड असायचा, तिथं काहीच नव्हतं. दाबून बघितलं, दुखलं नाही. भिंग घेऊन बघितलं, कातडी साधी, कोरडी. मागच्या नोंदी वाचलेल्यांना माझा आनंद कळेल.

आधी आठवड्याचं उरकते. मंगळवारी गच्चीवर दोरीच्या उड्या, अर्थात अनवाणी. कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, सुधारायला याहून स्वस्त साधन मला माहीत नाही. बुधवारी संध्याकाळी सोपे पाच किलोमीटर. गुरुवारी मामाच्या विहिरीत पोहणं. यंदा पाऊस चांगला झालाय, विहिरीच्या खालच्या पायऱ्या सगळ्या बुडाल्यात, आणि आखडलेल्या पोटऱ्या त्या गार पाण्यात अर्ध्या तासात सैल होतात. शुक्रवारी सोयाबीनच्या काढणीला रानात गेले, तिथं मात्र पायात बूट. विळ्याने तिरपी छाटलेली धसकटं ट्रॅक्टरचं टायर फोडतात, तळव्याचं काय घेऊन बसलात! ऑक्टोबरात बांधावर सराटे पिकलेले असतात, कुसळं उभी असतात. सराटा बोटाने उपटून निघतो, धसकट आत मोडून राहतं. धनुर्वाताच्या लशीचा बूस्टर घेऊन दहा वर्षं झाली असतील तर आधी तो घ्या, मग अनवाणी पळायच्या गप्पा मारा.

आता मूळ विषय. अनवाणी पळणाऱ्याच्या पायाला फोड येतो तो नशिबाने येत नाही. कातडी जमिनीवर सरकली की येतो. पाऊल सरळ टेकलं आणि सरळ उचललं तर खडबडीत डांबरावरही तळवा फक्त गरम होतो, सोलत नाही. म्हणजे माझा डावा पाय कुठंतरी पिळत होता. उजवा त्याच रस्त्यावर, तेवढंच अंतर, ठणठणीत. शिवाय फोड यायचा तो फक्त सकाळच्या पळण्यात, चौथ्या किलोमीटरच्या पुढे. संध्याकाळी त्याच रस्त्यावर पळाले तर डावा पायही साफ.

या सकाळ-संध्याकाळच्या फरकाने मला भलतीकडेच नेलं. दव, असं मी धरून चालले. सकाळी रस्त्याची कड ओलसर असते, ओली कातडी मऊ पडते, मऊ कातडी लवकर सरकते. हे सगळं खरंच आहे, पण मग उजवा पाय कसा सुटतो? तरी उन्हं वर येऊन डांबर पार वाळेपर्यंत थांबून पळाले. फोड आलाच.

मग रस्त्याचा उतार. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून दोन-अडीच टक्क्यांचा ढाळ देतात. कायम एकाच कडेने पळणाऱ्याचा एक पाय सतत किंचित खाली पडतो, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना घोट्याचा त्रास यातूनच झालाय. विद्यापीठाच्या आतले रस्ते सकाळी मोकळे असतात, म्हणून परतीलाही तीच कड धरली, म्हणजे ढाळ उलट्या पायाला. फोड डाव्यालाच.

मग कॅडन्स. धावण्याचे प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लांब अंतराच्या धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा जवळजवळ सगळेच मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त पावलं टाकत होते, हे आपण सगळेच एकमेकांना सांगत असतो. १८० हा काही देवाने दिलेला आकडा नाही, उंची आणि वेग बघून तो बदलतो. पण मी १६८ वर रेंगाळत होते, ते १७६ पर्यंत आणलं. पोटऱ्या दोन दिवस बोलल्या. फोड लहान झाला, गेला नाही. (पावलांना लय देणाऱ्या, टकटक वाजणाऱ्या मोबाइलवरच्या फुकट मेट्रोनोमबद्दल एवढंच सांगते की मधेच जाहिरात वाजते आणि लय जाते. मनगटावर थरथरणारं घड्याळ असेल तर तेच वापरा.)

घोटा तपासला. भिंतीसमोर उभं राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायची ती चाचणी केली. दोन्ही पाय सारखे. अंगठाही दोन्हीकडे सारखाच वाकतो.

शेवटी ओल्या ठशांचा प्रयोग. अंगणात शहाबादी फरशी आहे. बादलीत पाय बुडवायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचं आणि ठसे वाळायच्या आत वाकून बघायचं. दोन्ही पायांचे ठसे अगदी स्वच्छ आले. पाच बोटं, चवडा, बाहेरची कड आणि मागून टेकलेल्या टाचेचा फिकट गोल. कुठंही ओढल्याची खूण नाही. इथं मी हताश झाले. पाय पिळतोय असं फोड सांगतोय आणि नाही असं फरशी सांगतेय. खरं कोणाचं धरायचं?

उत्तर आत्याने दिलं. ती रोज सकाळी विद्यापीठात फिरायला येते. मी तिच्या बाजूने पुढे गेले तशी मागून ओरडली, "अगं, तो हात कामून आखडून धरलीस? भरलेली घागर घेऊन पळल्यावानी दिसायलंय!"

उजवा हात. काठीचा हात.

पहाटे घरातून निघताना मी काठी घेते. वसाहतीच्या वळणावर कुत्र्यांचं टोळकं असतं, आणि अंधारात बाईमाणसाने एकटीने पळायचं तर हातात काहीतरी असलेलं बरं, हे घरच्यांचंही म्हणणं. संध्याकाळी रस्त्यावर माणसं असतात, काठी घरीच राहते. अंगणात ठसे काढताना काठी घ्यायचं काहीच कारण नव्हतं. दव, ढाळ, घोटा, सगळीकडे फिरून झालं आणि सकाळला संध्याकाळपासून वेगळं करणारी वस्तू रोज माझ्या मुठीत होती.

घरी आले, तशीच बादली भरली आणि या वेळी काठी हातात घेऊन फरशीवरून पळाले. उजव्या पायाचे ठसे आधीसारखेच. डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटाखाली मात्र प्रत्येक ठशाला पाण्याचा एक बारीक ओघळ, बाहेरच्या बाजूला वळलेला, जेमतेम नखाएवढा. काठी ठेवली, पुन्हा पळाले: ओघळ गायब. काठी घेतली: हजर. आत्या फाटकात उभी राहून बघत होती. तिला म्हटलं, "तुझा हा शोध सगळ्यांना सांगणार आहे मी." ती म्हणाली, "सांग, पण आधी चहा ठेव."

हे असं का होतं, याची माझी जुळणी अशी. डावा पाय जमिनीवर असतो तेव्हा उजवा पाय पुढे येतो, डावा हात पुढे येतो आणि उजवा हात मागे जातो. पाय धडाला एका दिशेने फिरवू पाहतात, हात उलट दिशेने फिरवून त्याला तोलून धरतात. मी काठी मधोमध धरते, टोक पुढे, कोपर बरगडीला चिकटलेलं. म्हणजे हात कायम पुढे, मागे जाणं जवळजवळ बंद. मग डावा पाय टेकलेला असतानाच तो तोल अपुरा पडतो, धड थोडं जास्त फिरतं, आणि ते फिरणं जिथं अंग जमिनीला टेकलंय तिथं जाऊन संपतं. डाव्या चवड्यावर. उजवा पाय टेकतो तेव्हा उजवा हात पुढेच हवा असतो आणि तो पुढेच असतो, म्हणून तिकडे तक्रार नाही. बुटात हाच पीळ पायमोजा, अस्तर आणि फोम यांच्यात वाटला जात असावा, म्हणून बूट घालून पळायचे तेव्हा वर्षानुवर्षं पत्ताच लागला नाही.

आपण सगळे पायाबद्दलच बोलतो. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा २०१० मधला 'नेचर'मधला लेख आपल्यात सगळ्यांना तोंडपाठ: टाचेवर आदळणाऱ्याला जो पहिला तीव्र धक्का बसतो, तो चवड्यावर उतरणाऱ्या अनवाणी धावपटूत जवळपास दिसत नाही. (अनवाणी पळाल्याने दुखापती कमी होतात असं त्या लेखाने सिद्ध केलेलं नाही, तरी तसं सांगत फिरणारे भेटतात. कृपा करून तसं सांगू नका.) पण खांद्यांबद्दल, कोपरांबद्दल आपल्या गप्पांत कधी काही निघालेलं मला आठवत नाही. रविवारी रात्री मी अविनाश साबळेची २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतली ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांची, शर्यत पुन्हा लावली, ८:१९.५० मध्ये सुवर्ण घेतलं ती. आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला पोरगा, म्हणून ती शर्यत पूर्वीही बघितली होती, पण दर वेळी पायच बघितले. या वेळी फक्त हात बघितले. तुम्हीही बघा.

आता कुत्र्यांचं काय? काठी सोडली म्हणजे प्रश्न संपला नाही. सध्या त्या वळणावर पळणं थांबवून चालत जाते. पळणाऱ्याच्या मागे कुत्री जेवढी लागतात तेवढी चालणाऱ्याच्या लागत नाहीत, आणि अगदी अंगावर आली तर दगड उचलायला वाकल्यासारखं केलं की मागे सरतात. आत्याही त्याच वेळी निघते, त्यामुळे घरच्यांची समजूत पटली. ओढणी कमरेला बांधून काठी पाठीशी आडवी खोचायचा विचार होता. गच्चीवर करून बघितलं, कोपरं आपटतात. रद्द.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. माझी जुळणी बरोबर असेल तर काठी डाव्या हातात घेतल्यावर पीळ उजव्या पायात जायला हवा. फरशीवर लगेच कळेल, पण खरी परीक्षा रस्त्यावर. म्हणजे बुधवारचे चढाचे फेरे आता पुढे ढकलते आणि त्याऐवजी डाव्या हातात काठी घेऊन सहा किलोमीटर. फोड आला तर एक आठवडा जाईल, जाऊ द्या, हे कळायलाच हवं.

फोडाची देखभाल विचारणाऱ्यांसाठी: कातडी काढू नका. सुई उकळून किंवा स्पिरिटने पुसून कडेला बारीक छिद्र पाडा, पाणी जाऊ द्या, वर मेडिकलमध्ये मिळणारी पांढरी कापडी चिकटपट्टी लावा. प्लास्टिकच्या तयार पट्ट्या घामाने किलोमीटरभरात सुटतात, पैसे वाया. आणि कोणी बिब्बा लावायला सांगितलं तर ऐकू नका. भेगांना, काट्याला बिब्ब्याचा चटका द्यायची जुनी रीत आपल्याकडे आहे, पण बिब्बा उतला की आहे त्या फोडाशेजारी चार नवे येतात.

डिसेंबरातल्या अर्ध्या मॅरेथॉनचा बेतही बदलतोय. पूर्ण २१.१ किलोमीटर अनवाणी पळायचं आणि हुआराची, म्हणजे वादीने बांधायच्या पातळ चपला, हातात ठेवायच्या, रस्ता फारच वाईट लागला तर घालायच्या, असं ठरलं होतं. आता हातात काहीही नको. पाण्याची बाटलीसुद्धा नको, पाणवठ्यांवर थांबून पिणार. चप्पल पाठीमागे पट्ट्यात खोचता येईल एवढी पातळ हवी. बाजारातली नावाजलेली जोडी मागवली होती, ती वाकतच नाही. बसस्टँडजवळच्या कारागिराला चार मिलिमीटरची रबरी शीट नेऊन दिली, त्याने तळव्याचा आकार कागदावर आखून घेतला आणि दोन दिवसांत अशी जोडी दिली की गुंडाळून मुठीत मावते. वादी मात्र नायलॉनची नको म्हणून सांगा, बोटांमध्ये कापते.

चप्पल घातली तर अनवाणी पळणं कसलं, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर इथियोपियाचा मॅरेथॉनपटू अबेबे बिकिला. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी २:१५:१६, सुवर्ण. १९६४ला टोकियोत बूट घालून २:१२:११, पुन्हा सुवर्ण. रस्त्याला आणि पायाला जे मानवेल ते.

तुमच्याकडून एक हवंय. मोबाइल, बाटली, काठी, टॉर्च, काहीही एका हातात धरून पळत असाल तर फरशीवर ओले ठसे काढून बघा, वस्तू हातात घेऊन आणि न घेता, दोन्ही. कोणत्या हातात काय होतं आणि ओघळ कोणत्या पायाला दिसला, तेवढं कळवा. डावखुऱ्यांनी तर नक्की कळवा.