तुम्ही विचारलंत म्हणून: इराणी नागरिकत्व सोडता येतं का?

परदेशात स्थायिक झालेल्या इराण्यांचा विषय निघाला की हमखास विचारलं जातं: ब्रिटनचा किंवा अमेरिकेचा पासपोर्ट हाती आला की इराणचं नागरिकत्व संपलं ना?

नाही. आपल्याला तसं वाटतं, कारण न्यू जर्सीतला मराठी माणूस अमेरिकन झाला की १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार त्याचं भारतीय नागरिकत्व तिथेच संपतं. मग तो जुना पासपोर्ट जमा करून परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठी असलेलं ओसीआय कार्ड काढतो. इराणच्या नागरी संहितेचं कलम ९८९ नेमकं उलट सांगतं. सरकारला न विचारता घेतलेलं परकं नागरिकत्व इराणच्या लेखी नाहीच. शिवाय अशा माणसाची तिथली स्थावर मालमत्ता विकून टाकण्याची तरतूद त्याच कलमात आहे.

रीतसर सोडायचं तर कलम ९८८. वय २५ पूर्ण हवं. सक्तीची लष्करी सेवा झालेली हवी. शाळकरी वयात देश सोडलेल्या मुलांची गाडी इथेच अडते. इराणमधली जमीन, घरं, अगदी पुढे वारशाने येणारीसुद्धा, वर्षभरात दुसऱ्याच्या नावावर करू, अशी हमी आधीच द्यायची. एवढं करूनही मंत्रिमंडळाची परवानगी लागतेच. राज्यघटनेचं कलम ४१ नागरिकत्वाला हक्क म्हणतं, पण तो परत करायलाही सरकारचीच मर्जी लागते!

याची झळ बसते ती अटक झाल्यावर. दोन पासपोर्ट असलेल्याने इराणमध्ये इराणी पासपोर्टवरच जायचं-यायचं असतं, आणि दुसऱ्या देशाच्या वकिलातीला भेटीचा हक्क आहे हे तेहरान मान्य करत नाही. ब्रिटिश-इराणी नाझनीन झघारी-रॅटक्लिफ यांना २०१६मध्ये इराणमध्ये अटक झाली. २०१९मध्ये ब्रिटनने त्यांना राजनैतिक संरक्षण जाहीर केलं, म्हणजे त्यांचं प्रकरण दोन देशांमधला वाद मानलं, तरी त्या ब्रिटनला परतल्या त्या २०२२च्या मार्चमध्ये.

सोडणाऱ्याला असं धरून ठेवणारा हाच कायदा आत येऊ पाहणाऱ्याशी कसा वागतो? बाप इराणी असेल तर मूल जगात कुठेही जन्मो, ते इराणी. इराणी पुरुषाशी लग्न करणारी परदेशी बाईसुद्धा इराणीच धरली जाते, आणि मग देशाबाहेर जायला पासपोर्टसाठी तिलाही नवऱ्याची लेखी संमती लागते. ज्या मुलांची आई इराणी पण बाप परका, त्यांना मात्र २०१९पर्यंत ताटकळावं लागलं. इराणी गणितज्ञ मरियम मिर्झाखानी २०१७मध्ये वारल्या. नवरा चेक, त्यामुळे मुलीच्या नागरिकत्वाचा प्रश्न उभा राहिला आणि अशा मुलांना नागरिकत्व देण्याच्या संसदेतल्या मागणीला जोर आला. नव्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलासाठी आई अर्ज करू शकते. त्यानंतर मुलाने स्वतः करायचा. मात्र गुप्तचर मंत्रालय आणि क्रांतिरक्षक या लष्करी दलाचा गुप्तचर विभाग या दोघांची हरकत नसावी लागते.

अर्जाला लग्न कायदेशीर असल्याचा पुरावा हवा, आणि परदेशी पुरुषाशी लग्न करायला इराणी बाईला कलम १०६०प्रमाणे सरकारी परवाना लागतो. पूर्वेकडच्या प्रांतांत अफगाण मजुरांशी झालेले कित्येक निकाह नुसते मौलवीपुढे लागलेले आहेत, नोंदवलेले नाहीत. त्यांना आधी लग्नाची नोंद करून घ्यावी लागते.