तुम्ही विचारलंत म्हणून: दुर्बिणीतून झेंडा दिसतो का?

कोजागरीला गच्चीवर दूध आटत असतं आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "काका, दुर्बीण काढा की!" खरं तर चंद्र बघायला पौर्णिमेइतकी वाईट रात्र नाही. ऊन अगदी समोरून पडतं, सावल्या नसतात, डोंगर-विवरं सगळं सपाट. अष्टमीला या म्हणतो, पण अष्टमीला मसाला दूध नसतं.

डोळा लावला की प्रश्न ठरलेला: "अमेरिकेच्या अपोलो मोहिमांतल्या माणसांनी चंद्रावर रोवलेला तो झेंडा दिसतो का हो?" मी नाही म्हटलं की मागून आवाज येतो, "बघा, म्हणजे गेलेच नव्हते!"

माझी दुर्बीण सहा इंची. चंद्र 3,84,400 किलोमीटरवर. तिथलं दीड किलोमीटरहून लहान काही तिला नीट वेगळं दाखवता येत नाही, आणि झेंडा जेमतेम दीड मीटरचा. तो ओळखायला दीड-दोनशे मीटर व्यासाचा आरसा लागेल. तसा जगात कुठेच नाही. शिवाय अपोलो 11 चा झेंडा परतीच्या उड्डाणाच्या झोतानं आडवा झाला, असं त्या मोहिमेतला अंतराळवीर ऑल्ड्रिन यानंच सांगितलं.

मग पुरावा काय? बरेच जण तिथं ठेवलेल्या परावर्तकांकडे बोट दाखवतात. सायकलच्या मागे लाल रिफ्लेक्टर असतो ना, तीच युक्ती: प्रकाश आला तिकडेच परत. पृथ्वीवरून लेसर सोडला की अडीच सेकंदांत त्यातले प्रकाशाचे मोजके कण परततात. त्यावरूनच कळलं की चंद्र दरवर्षी 3.8 सेंटिमीटर लांब सरकतोय. मला हे मोजमाप फार आवडतं, पण पुरावा म्हणून मी ते पुढे करत नाही. तसे परावर्तक रशियाच्या बिनमाणसाच्या लुनोखोद गाड्यांवरही आहेत.

मी दगडांचं सांगतो. 1970 ते 1976 मध्ये रशियाच्या तीन स्वयंचलित यानांनी मिळून चंद्रावरची माती आणली सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. वाटीभर म्हणा. अपोलोच्या सहा मोहिमांनी आणली 382 किलो! तेव्हाच्या यंत्रांच्या हातून एवढं वेचणं होणारं नव्हतं; त्याला वाकून, निवडून, पिशव्या भरणारी बारा माणसंच लागली.

आणि ते सगळं लगेच तपासलंही नाही. पुढच्या पिढीकडे जास्त चांगली उपकरणं असतील म्हणून काही नमुने बंदच ठेवले. 1972 मध्ये अपोलो 17 नं भरलेली एक नळी उघडली थेट 2022 मध्ये.