तुम्ही विचारलंत म्हणून: भोरड्या बघायला का जाते?

"तुमच्याच रानातली ज्वारी खाल्लेली पाखरं बघायला तू संध्याकाळी तळ्यावर जातेस? तुला काही वाटत नाही?" चुलत्यांनी विचारून झालं, बँकेतल्या मैत्रिणींनी विचारून झालं, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंनीही विचारलं. म्हणून एकदा नीट सांगते.

वाटतं. पुष्कळ वाटतं.

पूर्वी मी वेगळं उत्तर द्यायचे. भोरडी, म्हणजे गुलाबी मैना, टोळ खाते, नाकतोडे खाते, ती शेतकऱ्याच्या कामाचीच, असं तावातावानं सांगायचे. चीनच्या शिनजियांगमध्ये टोळांच्या बंदोबस्तासाठी तिनं घरटी करावीत म्हणून मुद्दाम दगड रचून देतात, हेही ऐकवायचे. ते सगळं खरंच आहे. पण टोळ खाते ती तिकडे, मध्य आशियाच्या गवताळ माळांवर, पिल्लं वाढवताना. इथं कणसात दूध भरलं की ती ज्वारीवरच उतरते. आप्पांपुढे शिनजियांगचा दाखला देणारी ती मी आठवली, की तिला गप्प बस म्हणावंसं वाटतं. तरी पळस-पांगारा फुलल्यावर याच भोरड्या मधासाठी फुलांवर जातात आणि पराग या झाडावरून त्या झाडावर नेतात, हे मात्र मी अजूनही सांगते. ते सोडायची माझी तयारी नाही.

आता त्या दिवसाचं. त्या वर्षी आमच्या शिवारात ज्वारी आमचीच होती. आजूबाजूला ऊस आणि तूर. पूर्वी सगळं शिवार मालदांडी ज्वारीचं असायचं, भोरड्या थोडं याचं खात, थोडं त्याचं, आणि राखणीला घरोघरची माणसं असत. आता सगळा थवा एका तुकड्यावर. दिवस उगवताना पहिली झुंड उतरली. आप्पा माळ्यावर गोफण घेऊन, आई खालच्या बांधाला पत्र्याचा डबा बडवत, मी वरच्या अंगाला नुसती ओरडत. इकडून उठवल्या की तिकडे बसायच्या. तिकडून उठवल्या की मधल्या पट्ट्यात. हुरड्यातलं कोवळं कणीस, चोच लागली की दाणा फुटतो आणि पानावर पांढरे ओघळ येतात. दुपारपर्यंत पानं चिकट झाली होती. माझा आवाज बसला. आणि मग आप्पांचा हात थांबला. त्यांनी गोफण गुंडाळली, माळ्यावरून उतरले आणि बांधावर जाऊन बसले. पाखरं समोर खात होती आणि ते बसून होते. पीक उभं असताना आप्पांना असं बसलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. आई जवळ गेली, म्हणाली, "उठा, जेवून घ्या." ते म्हणाले, "ह्यांचं होऊ दे."

कडबा तरी राहिला, असं नंतर कुणीतरी समजूत घालायला म्हणालं. आई त्या माणसाशी पुढे कितीतरी दिवस बोलली नाही.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तळ्याकडे चालत गेले. कशाला, ते मला आजही धड सांगता येत नाही. बहुतेक त्या रात्री कुठे निजतात ते बघायचं होतं, रागानंच. चहूबाजूंनी झुंडी येत होत्या, एकमेकींत मिसळत होत्या, आणि वेड्या बाभळींवर सगळं आभाळ वळायला लागलं. पदर झटकावा तसा थवा मध्येच दाट, मध्येच विरळ. भोरडीच्या युरोपातल्या जातभाईंवर रोममध्ये अभ्यास झाला, तो 2008 साली छापून आला: प्रत्येक पाखरू आपल्या जवळच्या सहा-सात पाखरांवरच लक्ष ठेवतं, तेवढ्यावर सगळा थवा वळतो. हे मी नंतर वाचलं. त्या क्षणी एवढंच कळत होतं, की आमची ज्वारी पोटात घेऊन त्या उडताहेत, मला त्यांचा संताप आलाय आणि मला मान खाली घालता येत नाही. गावातल्या कुणीतरी मला तिथं उभी पाहिलं. तुमचा प्रश्न तिथूनच निघालाय, हे मला ठाऊक आहे.

तर मी पाखरांची बाजू घेते, असं कृपा करून म्हणू नका. आणि सोडून दिलं असंही नाही. राखणीला मी आजही जाते, डबा बडवते, गोफण मारते. नेम बरा आहे. त्याच दिवशी संध्याकाळी तळ्यावरही जाते. यातलं कुठलं खरं, असं चुलते विचारतात तेव्हा मला राग येतो, कारण मला एक निवडायला लावून ते स्वतः ऊस लावून मोकळे झालेत. भोरड्या रात्री त्यांच्या उसातही निजतात, सकाळी चरायला आमच्या रानात येतात.

यंदा भाऊ म्हणाला, ज्वारी बंद करू, सगळा ऊस करू. मी अडून बसले. आप्पा काही बोलले नाहीत, पण बियाणं त्यांनीच काढून ठेवलं. मी अडले ते भाकरीसाठी किती आणि भोरड्यांसाठी किती, ते मात्र विचारू नका. मला ते वेगळं करता येत नाही.