तुम्ही विचारलंत म्हणून: अर्धा दुमडलेला फोन आणि भलत्या वेळी चालणारा नियम

‘घडीचा फोन अर्धा दुमडून टेबलावर ठेवला की आवाज बंद व्हावा, बाकी काही नको. मग त्यासाठी ऑटोमेशन ॲपमध्ये (‘असं झालं की तसं कर’ सांगता येणाऱ्या ॲपमध्ये) लिहिलेला नियम भलत्याच वेळी का चालतो?’ यावर ‘फोनच खराब असेल’ किंवा ‘सेटिंग तपासा’ असं सांगून लोक मोकळे होतात. फोन बहुधा ठणठणीत असतो. चुकतो तो नियम.

बिजागरीच्या कोनाचा सेन्सर अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून ॲपना वाचता येतो. ० अंश म्हणजे मिटलेला, १८० म्हणजे सपाट. पण काही फोन बारीक आकडे देतात, तर काही ठरावीक टप्प्यांनीच उड्या मारतात. सेन्सर दाखवणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये फोन हळूहळू उघडून आधी हे बघा. आकडे उड्या मारत असतील तर पुढची बारीक गणितं विसरा.

बहुतेकजण पहिला नियम लिहितात: ‘कोन ९० झाला की’. हा सेन्सर कोन बदलला तरच आकडा पाठवतो, आणि झटकन उघडताना ८६ नंतर थेट ९७ येऊ शकतो. नियम चालतच नाही. मग ‘७५ ते ११५’ असा पट्टा दिला जातो आणि खरा ताप तिथे सुरू होतो, कारण मिटलेला फोन पूर्ण उघडताना दर वेळी याच पट्ट्यातून जातो. शिवाय फोन नेमका ११५ च्या आसपास धरला तर ११४, ११६, ११४ असं होऊन आवाज चालू-बंद होत राहतो.

यावर ‘दीड सेकंद थांबा’ अशी पायरी घालतात. नुसतं थांबल्याने चूक दीड सेकंद उशिरा होते, एवढंच! थांबल्यावर कोन पुन्हा तपासायला हवा. पण स्थिर फोन नवा आकडा पाठवत नाही, त्यामुळे दुसऱ्या आकड्याची वाट बघणारा नियम अडकून पडतो. म्हणून येणारा प्रत्येक आकडा व्हेरिएबलमध्ये, म्हणजे ॲपमधल्या आकडा लक्षात ठेवायच्या जागेत, साठवा आणि दीड सेकंदाने तोच वाचा. अजून ७५ ते ११५ मध्ये असेल तरच आवाज बंद करा. परत चालू करण्याची हद्द वेगळी ठेवा: ६० च्या खाली किंवा १३० च्या वर. सेन्सर सुरू होताच पहिला आकडा आपणहून येतो, तो साठवा, पण त्यावर नियम चालवू नका. नाहीतर रीस्टार्टनंतर फोनला हात न लावता आवाज जाईल.

अँड्रॉइड ९ पासून नुसत्या बॅकग्राउंडमध्ये असलेल्या ॲपला या सेन्सरचे आकडे मिळत नाहीत. ऑटोमेशन ॲपची कायमची नोटिफिकेशन त्याला तिथे जाऊ देत नाही, म्हणून ती कितीही खुपली तरी राहू द्या. आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’मधली पूर्ण शांतता निवडू नका, त्यात अलार्मही गप्प होतो.

पूर्वी माझं म्हणणं असे की कोन हवाच कशाला, उघडा आणि मिटलेला या दोनच स्थिती पुरेत. त्या स्पष्ट असतात, वाटेत अडकत नाहीत. बऱ्याच कामांसाठी मला ते आजही पटतं. पण अर्धा दुमडून ठेवलेला फोन त्या दोन्हींत बसत नाही. त्यातही तंबूसारखा उपडा आणि लॅपटॉपसारखा मांडलेला, दोघांचा कोन सारखाच येऊ शकतो. तिथे फोन कुठल्या बाजूला कललाय ते सांगणारा सेन्सर, ॲक्सेलरोमीटर, हाही जोडावा लागतो, आणि तो कुठल्या अर्ध्या भागात बसवलाय ते फोनगणिक बदलतं. दोन्ही स्थितींतले आकडे आपल्याच फोनवर टिपून घ्या, दुसऱ्याचे उतरवू नका. माझेसुद्धा.